केंटो मोमोटाचं नेमकं काय झालं, आणि पोरांनी त्याच्यासारखं खेळावं का

प्रश्न असा आहे की जपानचा बॅडमिंटनपटू केंटो मोमोटा २०१९ ला एका वर्षात ११ टायटल मारतो आणि २०२४ ला २९ व्या वर्षी जपानची टीम सोडतो, तर मधे फक्त तो गाडीचा अपघातच कारण होता का अजून काही होतं. आणि विचारणाऱ्यांचा मुलगा १३ वर्षांचा आहे, डावखुरा आहे, दिवसभर मोमोटाचे व्हिडिओ बघतो आणि कोर्टवर तसंच करायला जातो, तर त्याला करू द्यावं का.

मी बरीच वर्षं सिंगल्सची पोरं घेतोय त्यामुळे हा प्रश्न वेगवेगळ्या पालकांकडून ऐकलेला आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. अपघात हे कारण आहेच, पण तोच अपघात दुसऱ्या एखाद्या टॉप प्लेअरला झाला असता तर कदाचित तो परत वर आला असता. मोमोटाचा गेमच असा होता की त्यात जरासुद्धा घट चालत नाही. म्हणून करिअर सुरुवातीपासून बघावं लागतं, नाहीतर नुसतं "बिचारा" म्हणून आपण मोकळे होतो.

जन्म १ सप्टेंबर १९९४, कागावा प्रांतातलं मितोयो. वडील सुपरमॅनचे फॅन, क्लार्क केंटवरून पोराचं नाव केंटो ठेवलं, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्यापेक्षा महत्त्वाचं हे की पोरगा सातवीच्या वयात घर सोडून थेट फुकुशिमाला गेला, तोमिओका नावाच्या छोट्या गावातल्या शाळेत. तिथे बॅडमिंटनचा खास प्रोग्रॅम होता आणि इंडोनेशियन कोचिंग होतं. मोमोटाच्या हातात जो नाजूकपणा दिसतो, नेटवर शटल अगदी हलकं खेळणं, ते मला तरी जपानीपेक्षा इंडोनेशियन वळणाचं वाटतं. जपानची जुनी ओळख म्हणजे पळणं, उचलणं, पुन्हा पळणं, समोरचा थकेपर्यंत. ह्याने त्यात हातातला टच मिसळला.

११ मार्च २०११ ला भूकंप आणि त्सुनामी आली, फुकुशिमाच्या अणुभट्टीचा प्रकार झाला आणि तोमिओका गाव अख्खं रिकामं करावं लागलं. मोमोटा तेव्हा ट्रेनिंगसाठी इंडोनेशियात होता म्हणून वाचला. शाळेचं बॅडमिंटन इनावाशिरोला हलवलं, तिथे पोरांनी परत सुरू केलं. ह्याच शाळेतून युता वातानाबे आणि अरिसा हिगाशिनो ही मिक्स्डची जोडी आली, होकी-कोबायाशी ही २०२१ ची वर्ल्ड चॅम्पियन डबल्स जोडीपण इथलीच. एका छोट्या गावातल्या शाळेने एवढे प्लेअर दिले, हे आपल्याकडच्या ॲकॅडमीवाल्यांनी जरा शांतपणे बघायला पाहिजे, पण तो विषय वेगळा.

२०१२ ला चिबामध्ये वर्ल्ड ज्युनिअर झालं, ते मोमोटाने जिंकलं. मग एनटीटी ईस्ट ह्या कंपनीच्या टीममध्ये गेला. इथे एक गोष्ट समजून घ्या कारण आपण "प्रोफेशनल" म्हणतो तेव्हा डोक्यात क्रिकेटवाला येतो. जपानमध्ये बहुतेक बॅडमिंटनवाले कंपनीचे कर्मचारी असतात. कंपनी पगार देते, हॉल देते, कोच देते, आणि तुम्ही कंपनीच्या टीमकडून तिथल्या एसजे लीगमध्ये खेळता. म्हणजे आपल्याकडे पेट्रोलियम कंपन्या, रेल्वे, बँका स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी देतात त्याच्या जवळचं, फक्त तिकडे कंपनीची टीम हीच रोजच्या ट्रेनिंगची जागा असते. महिला सिंगल्सवाल्या ओकुहारासारखे काही जण नंतर ही व्यवस्था सोडून स्वतःच्या हिमतीवर प्रो झाले, ती २०१९ पासून. मोमोटा शेवटपर्यंत कंपनीतच राहिला. हे पुढे कामाला येणार आहे म्हणून सांगून ठेवलं.

२०१४ ला थॉमस कप, म्हणजे पुरुषांची देशादेशांची टीम स्पर्धा, दिल्लीत होता. जपानने सेमीला चीनला ३-० ने घरी पाठवलं आणि फायनलला मलेशियाला ३-२ ने हरवून पहिल्यांदाच कप नेला, मोमोटा तेव्हा १९ वर्षांचा, दुसरी सिंगल्स खेळायचा. २०१५ ला सिंगापूर ओपन जिंकली, पुरुष सिंगल्समध्ये सुपरसिरीज (तेव्हाच्या वरच्या दर्जाच्या टुर्नामेंट) जिंकणारा पहिला जपानी, मग इंडोनेशिया ओपन, वर्ल्ड चॅम्पियनशिपला ब्राँझ, आणि वर्षाच्या शेवटी दुबईला सुपरसिरीज फायनल्समध्ये डेन्मार्कच्या व्हिक्टर अ‍ॅक्सेलसनला सरळ दोन गेममध्ये हरवलं. एप्रिल २०१६ च्या सुरुवातीला दिल्लीला इंडिया ओपनची फायनल झाली, त्यातपण समोर अ‍ॅक्सेलसन आणि जिंकला मोमोटा. वर्ल्ड रँक २. रिओ ऑलिंपिक चार महिन्यांवर.

आणि त्याच आठवड्यात बातमी फुटली की मोमोटा आणि त्याचा सीनिअर केनिची तागो टोकियोतल्या बेकायदेशीर कसिनोत जायचे. जपानमध्ये तेव्हा कसिनो कायद्याने बंद. मोमोटाने सुमारे ५ लाख येन उडवले होते, तागोने त्याच्या कितीतरी पट. तागोला कंपनीने काढूनच टाकलं, मोमोटावर बेमुदत बंदी आली आणि रिओ गेलं. पैशाच्या मानाने ५ लाख येन काही फार नाही, पण जपानमध्ये कंपनीचा आणि देशाचा शर्ट घालून असलं केलंत तर माफी लवकर मिळत नाही. पत्रकारांसमोर वाकून माफी मागतानाचे दोघांचे फोटो तेव्हा सगळीकडे होते.

आता कोच म्हणून मला ह्या बंदीत सगळ्यात जास्त रस आहे. बंदीच्या आधीचा मोमोटा हा हातावर जगणारा प्लेअर होता, पळायचा कंटाळा, टच इतका भारी की कंटाळा झाकला जायचा. मे २०१७ ला परत आला तेव्हा पाय बदललेले होते. वर्षभर स्पर्धा नाही, प्रवास नाही, मग धावणं आणि जिम एवढंच उरलं होतं. आपल्याकडे पोरांना वर्षाला इतक्या टुर्नामेंट खेळवतात की शरीर घडवायला वेळच मिळत नाही, ह्याला तो शिक्षा म्हणून मिळाला. परत येताना वर्ल्ड रँक दोनशेच्या खाली गेलेला होता, छोट्या छोट्या टुर्नामेंट खेळत वर आला.

मग २०१८. वुहानला एशियन चॅम्पियनशिप, सेमीला ली चोंग वेई, फायनलला चेन लाँग, दोघांनाही हरवलं. ऑगस्टला नानजिंगमध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल, चीनच्या शी युचीला त्याच्याच लोकांसमोर २१-११, २१-१३. जपानच्या पुरुषाने वर्ल्ड टायटल जिंकण्याची ही पहिलीच वेळ. सप्टेंबरला वर्ल्ड नंबर १.

२०१९ चं सगळं लिहीत बसत नाही. ऑल इंग्लंड, एशियन, वर्ल्ड, जपान, चायना, कोरिया, डेन्मार्क, वर्ल्ड टूर फायनल्स वगैरे धरून ११. पूर्वी पुरुष सिंगल्समध्ये एका सीझनला एवढं कोणी केलेलं नव्हतं. बासेलच्या वर्ल्डला सेमीमध्ये आपल्या साई प्रणीतला २१-१३, २१-८ ने हरवलं (प्रणीतचं ते ब्राँझ म्हणजे प्रकाश पदुकोण यांच्या १९८३ नंतर भारतीय पुरुषाचं पहिलं सिंगल्स मेडल) आणि फायनलला डेन्मार्कच्या अँटन्सनला २१-९, २१-३. वर्ल्ड फायनलमध्ये समोरच्याला दुसऱ्या गेमला तीन पॉइंट! त्याच दिवशी सिंधूने ओकुहाराला २१-७, २१-७ ने धुतलं त्यामुळे आपल्याकडे मोमोटाची मॅच फारशी कोणी बघितलीच नाही, साहजिक आहे. पण बघा ती एकदा.

हे सगळं तो कसं जिंकायचा ते नीट समजलं नाही तर पुढचं कळणार नाही. त्याचा स्मॅश काही जगातला सगळ्यात जोरदार नव्हता. उंची १७५ सेंटीमीटर, अ‍ॅक्सेलसन १९४. म्हणजे वरून खाली मारून पॉइंट घेणं हा त्याचा धंदाच नव्हे. त्याचं काम नेटवर सुरू व्हायचं. शटल टेपजवळ (नेटच्या वरच्या पट्टीजवळ) असतानाच रॅकेट पुढे, आणि मग थांबायचा. समोरच्याला कळत नाही की आता ड्रिबल (नेटलगत हलकं टाकलेलं शटल) येणार, का झटक्याने मागे फ्लिक, का नेटवरूनच तिरकं क्रॉस नेट, तो थांबतो तसा समोरचापण थांबतो, पाय जमिनीला चिकटतात, आणि मग शटल येतं ते टेपला घासून, फिरत. त्यावर लिफ्ट मारावी (खालून उंच मागे उडवावं) तर शॉर्ट पडते, मग मोमोटा हाफ स्मॅश (कमी जोराचा स्मॅश) लाइनवर किंवा अंगावर टाकणार, समोरच्याचा ब्लॉक (नुसतं अडवून नेटजवळ टाकलेलं शटल) येणार आणि हा आधीच नेटवर उभा. डिफेन्सलापण तेच, जोरदार स्मॅशला असा ब्लॉक द्यायचा की शटल नेटच्या पलीकडे मरून पडायचं. समोरचा हळूहळू लाइनच्या आणखी जवळ मारायला जायचा, बाहेर मारायचा, चिडायचा. अँटन्सनचे ते तीन पॉइंट असेच आहेत, त्याने स्वतःच बरेच घालवले.

म्हणजे मोमोटाचं हत्यार काय, तर अंदाज. शटल कुठे आहे, टेपपासून किती वर, लाइनच्या आत का बाहेर, माझ्या रॅकेटपासून किती लांब. हा अंदाज बोटभर चुकला की ड्रिबल टेपच्या वर उठतं आणि समोरचा ते ठोकतो. मारणाऱ्या प्लेअरचा स्मॅश बोटभर इकडे तिकडे झाला तर बऱ्याचदा चालून जातो, वेगात निभावतं. नेटवर असं निभावत नाही.

आता १३ जानेवारी २०२०. आदल्याच दिवशी मलेशिया मास्टर्सची फायनल अ‍ॅक्सेलसनला २४-२२, २१-११ ने हरवून जिंकलेली. पहाटे क्वालालंपूरच्या एअरपोर्टला जाताना व्हॅन पुढच्या लॉरीवर मागून आदळली. ड्रायव्हर जागीच गेला. मोमोटाचं नाक तुटलं, चेहऱ्यावर जखमा, बाकीच्यांनाही लागलं. सुरुवातीला वाटलं की वरवरचं आहे. घरी जाऊन ट्रेनिंग सुरू केल्यावर शटल दोन दोन दिसायला लागली. परत तपासलं तर डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलेलं, फेब्रुवारीत ऑपरेशन.

मी डॉक्टर नाही, पण अशा फ्रॅक्चरचा त्रास साधारण काय असतो ते खेळाडूंबरोबर काम करताना कळतं. खोबणीचं हाड मोडलं की डोळा फिरवणारे स्नायू अडकू शकतात, आणि दोन दिसणं हे विशेषतः वर किंवा खाली बघताना होतं. बॅडमिंटनमध्ये तुम्ही अर्धा वेळ वरच बघता. टॉस (मागे उंच उडवलेलं शटल) आला की मान वर, दिवे डोळ्यात, आणि त्यात शटल किती मागे पडतंय हे ठरवायचं. ऑपरेशननंतर तो खेळायला लागला, डिसेंबर २०२० ला ऑल जपान, म्हणजे तिथली नॅशनल, जिंकलासुद्धा. रिटायर होताना मात्र त्याने स्वतः सांगितलं की अपघातानंतर मनात जे असायचं आणि शरीराकडून जे व्हायचं त्यात अंतर पडलेलं होतं. ह्याच्यापुढे मी डोळ्याबद्दल काही बोलणार नाही, बाहेरून बघून कोणाच्या डोळ्याचं निदान करू नये.

पण ह्यानंतर जे झालं ते लोक विसरतात. जानेवारी २०२१ ला थायलंडमध्ये लागोपाठ मोठ्या टुर्नामेंट होत्या, जपानची टीम निघाली आणि नारिता एअरपोर्टवर मोमोटा कोविड पॉझिटिव्ह. अख्खी टीम परत. तिकडे अ‍ॅक्सेलसनने पहिल्या दोन्ही जिंकल्या. म्हणजे मोमोटाची पुढची इंटरनॅशनल मॅच थेट मार्च २०२१ ची ऑल इंग्लंड, चौदा महिन्यांनी, आणि तिथे क्वार्टरला मलेशियाच्या ली झी जियाकडून हरला. ली झी जिया घाबरला नाही, पहिल्या शॉटपासून मारत सुटला. माझ्या मते सगळ्यांना रस्ता तिथेच दिसला. २०१९ ला मोमोटासमोर उभं राहताना लोक अर्धी मॅच डोक्यात हरलेले असायचे, आता तो दरारा गेला.

टोकियो ऑलिंपिकला तर घरच्या कोर्टवर, रिकाम्या हॉलमध्ये, ग्रुपमध्येच कोरियाच्या ह्यो क्वांग-हीकडून १५-२१, १९-२१. ह्योचं रँक ३८. ती मॅच मी परत परत बघितली आहे. ह्यो प्रत्येक शॉर्ट लिफ्टवर उडी मारून मारतोय, आणि मोमोटा तेच करतोय जे त्याने कायम केलं, परत टाक, वाट बघ, समोरचा चुकेल. समोरचा चुकला नाही. आणि अडकल्यावर जो एक जोरदार प्लॅन बी लागतो, की आता मीच दोन स्मॅश मारून पॉइंट संपवतो, तो त्याच्याकडे पुरेसा नव्हताच, २०१९ लाही नव्हता, तेव्हा लागला नाही एवढंच.

हाच माझा मुद्दा आहे. २०२१ ऑक्टोबरची डेन्मार्क ओपन फायनल घ्या, पहिला गेम मोमोटा २२-२० ने जिंकला, दुसरा १८-२१, तिसरा १२-२१. अ‍ॅक्सेलसन ह्याच माणसाकडून वर्षानुवर्षं हरत आलेला, पण तोवर त्याने रॅली लांब खेळायची ताकद कमावली होती आणि वरून मारणं तर होतंच. नोव्हेंबरला मोमोटाने इंडोनेशिया मास्टर्स जिंकली, लोक म्हणाले आला परत, मग कंबर धरली आणि वर्ल्ड चॅम्पियनशिपमधून नाव काढावं लागलं. २०२२ ला मलेशिया ओपनच्या फायनलपर्यंत गेला आणि अ‍ॅक्सेलसनने ४-२१, ७-२१ केलं. बघवत नव्हतं. त्याच ऑगस्टला टोकियोतल्या वर्ल्डला आपल्या प्रणॉयने दुसऱ्या राउंडला काढलं, २१-१७, २१-१६, आणि त्याआधी प्रणॉय त्याच्याशी एकदाही जिंकलेला नव्हता.

तर टक्केवारी मागू नका, पण अपघाताने अंदाज थोडा नेला, चौदा महिन्यांच्या गॅपने मॅचची सवय नेली, कंबरेने पाय नेले, आणि त्याच काळात बाकीच्यांचा गेम जास्त वेगवान झाला. ह्यातलं एखादंच झालं असतं तर निभावलं असतं असं मला वाटतं. मोमोटाच्या खेळात शिल्लकच एवढी कमी होती की चारही एकदम झेपलं नाही.

तरी तो दोन-अडीच वर्षं पहिल्या-दुसऱ्या राउंडला हरत खेळत राहिला. हे शक्य झालं त्याला कंपनीची नोकरी हे मोठं कारण आहे असं मला वाटतं, दर महिन्याला पगार येत असेल तर माणूस रँक घसरली तरी थांबू शकतो, नुसत्या बक्षिसाच्या पैशावर जगणारा नाही थांबू शकत. नोव्हेंबर २०२३ ला कोरिया मास्टर्स जिंकली, फायनलला जपानचाच कोकी वातानाबे. एप्रिल २०२४ ला सांगितलं की थॉमस कपनंतर जपानसाठी खेळणार नाही. ऑलिंपिक मेडल एकही नाही, हे मात्र कायमचं राहून गेलं. कंपनीकडून देशातल्या देशात खेळणं त्याने तेव्हा सोडलं नाही, त्यामुळे "बॅडमिंटन सोडलं" हे तसं चुकीचं आहे.

आता तुमच्या मुलाचं. १३ व्या वर्षी मोमोटाचं नेट कॉपी करू दे, बिनधास्त. मोमोटाही डावखुराच, त्यामुळे आणखी चांगलं, रॅकेटचा अँगल, रॅकेट पुढे धरून थांबणं, सगळं आरशासारखं उलटवायची गरज नाही, जसंच्या तसं दिसतं. पण पोरं काय करतात तर नुसतं थांबणं उचलतात. शटल उशिरा घेतात, टेपच्या खाली गेल्यावर, आणि तिथे हात हलवून फसवाफसवी करतात. खालून कसलं फसवणार, समोरच्याला तेवढा वेळ मिळाला की तो निवांत पोचतो. मोमोटा थांबू शकतो कारण तो आधी पोचलेला असतो. म्हणजे पहिलं काम पायांचं. मुलाच्या सरांना सांगा, मल्टिशटलला (एकामागून एक शटल टाकून करायचा सराव) नेटवर शटल टेपच्या जवळ उंचीलाच घ्यायला लावा, खाली गेलं की तो शॉट मोजायचा नाही.

दुसरं, ह्या वयात मारायला शिकलंच पाहिजे. अंडर-१५ ला सगळं परत टाकून मॅच जिंकता येतात, ट्रॉफ्या येतात, पालक खूश, आणि अंडर-१९ ला उंच पोरं वरून ठोकायला लागली की तो पोरगा कोर्टच्या मागे अडकतो. मी असे बरेच बघितले. हाफ स्मॅश, अंगावरचा स्मॅश, आणि मारल्यावर पुढे धावून ब्लॉक उचलणं, हे तीन आत्तापासून करून घ्या. ताकद नंतर येते, मारायची सवय नंतर येत नाही. आणि वर्षाला टुर्नामेंट कमी करा, शाळेच्या सुट्टीत तरी सलग काही आठवडे नुसतं ट्रेनिंग होऊ द्या.

व्हिडिओ बघायचेच असतील तर हायलाइट्स नकोत, त्यात फक्त शेवटचा शॉट दिसतो. पूर्ण मॅच लावा. नानजिंग २०१८ ची फायनल नेटसाठी, २०१९ ची ऑल इंग्लंड फायनल तिसऱ्या गेमसाठी, आणि डेन्मार्क २०२१ दुसऱ्या गेमपासून. ही तिसरी बघताना मुलाला मोमोटाकडे नाही, अ‍ॅक्सेलसन कुठे उभा आहे तिकडे बघायला सांगा.